एमसीएला वेब आणि डिस्ट्रिब्युटेड ॲप्लिकेशनचा पेपर आहे, एका लॅपटॉपवर तयारी कशी करू?

तुम्ही गोवा विद्यापीठात एमसीए करताय आणि विचारलंय की आधी रिॲक्ट (ब्राउझरमधल्या पानांसाठीचं) शिकू की स्प्रिंग बूट (सर्व्हरसाठीचं), आणि घरी एकच लॅपटॉप असताना डिस्ट्रिब्युटेडचा सराव होतो का.

होतो. ८ जीबी रॅम पुरते, फक्त कुबरनेटीसच्या (अनेक यंत्रांवर ॲप चालवणाऱ्या जड यंत्रणेच्या) नादी लागू नका. सगळं लूपबॅकवर, म्हणजे लॅपटॉप स्वतःशीच बोलतो त्या आतल्या नेटवर्कवर चालतं, त्यामुळे पावसात वीज जाऊन वायफाय बसलं तरी बॅटरी असेपर्यंत काम अडत नाही. फ्रेमवर्क वर्गात शिकवतात तेच धरा. पोरं अडकतात ती फ्रेमवर्कपाशी नव्हे, समोरची सेवा मधेच गप्प झाल्यावर काय करायचं, तिथे.

म्हणून एकच लहान ॲप घ्या आणि सत्रभर तेच मोडत बसा. समजा, कला अकादमीतल्या नाटकाची तिकीटविक्री. ८०८० पोर्टवर वेब सर्व्हर, ८०८१ वर पेमेंटची नकली सेवा, ५४३२ वर पोस्टग्रेस हा डेटाबेस.

पहिला घोळ म्हणजे एकच खुर्ची दोघांना जाणे. कोड आधी खुर्ची रिकामी आहे का बघतो, मग नोंद करतो, आणि मधल्या फटीत दुसरी विनंती घुसते. हाताने क्लिक करून हे सहसा दिसत नाही; एकाच खुर्चीसाठी ५० विनंत्या एकदम सोडणारी स्क्रिप्ट लिहा. मग टेबलवर प्रयोग आणि खुर्ची या दोन रकान्यांवर मिळून युनिक अट घाला. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल, तुम्ही ४०९ (‘टक्कर झाली’ सांगणारा एचटीटीपी कोड) पाठवा. जावाचं सिंक्रोनाइझ्ड हे कुलूप इथे पुरत नाही: ते एका प्रोसेसपुरतं असतं, सर्व्हरच्या दोन प्रती चालवल्या की कुलपंही दोन.

खरी मजा पेमेंटमध्ये आहे. ती सेवा ‘किल -९’ने मारली तर कनेक्शन नाकारल्याचं लगेच कळतं. त्याऐवजी लिनक्सवर ‘किल -स्टॉप’ने थिजवा. कर्नल टीसीपी जोडणी घेतो, उत्तर मात्र येत नाही. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट दिला नाही तर ती वाट बघतच बसते. हळूहळू सर्व्हरचे सगळे थ्रेड तिथे अडकतात आणि पेमेंटशी काही संबंध नसलेलं पानही उघडेना होतं.

आता २ सेकंदांचा टाइमआउट लावा, तो उलटून गेला की सेवेला ‘किल -कॉन्ट’ देऊन पुन्हा चालू करा. बफरात पडून राहिलेली विनंती ती बहुधा पूर्ण करते! पैसे गेले, आणि तुम्ही तर ‘अयशस्वी’ दाखवून मोकळे. ग्राहक पुन्हा बटण दाबतो, पैसे दोनदा. टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. झालं की नाही, ते ठाऊक नाही. यासाठी ऑर्डर तयार होतानाच एक यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) काढा, प्रत्येक पुन्हाप्रयत्नात तोच पाठवा. पेमेंट सेवेने तो निकालासकट जपावा आणि पुन्हा दिसला की जुनाच निकाल द्यावा. दर क्लिकला नवा यूयूआयडी काढला तर सगळी मेहनत फुकट, आणि पोरांनी नेमकं तेच केलेलं असतं.

नेटवर्क मुद्दाम संथ करायला लिनक्सच्या ‘टीसी’ कमांडची नेटेम सोय आहे. लूपबॅकवर २०० मिलिसेकंद उशीर लावला तर जाऊन-येऊन ४०० लागतात, कारण दोन्ही दिशा त्याच इंटरफेसवरून जातात. डेटाबेसशी बोलणंही त्यामुळे संथ होतं. काम झालं की नियम काढून टाका.

थिअरीत लॅम्पोर्टची १९७८ची लॉजिकल घड्याळं (घटनांचा क्रम ठरवणारी) आणि २०१४चं राफ्ट (अनेक नोडचं, म्हणजे यंत्रांचं, एकमत घडवणारा अल्गोरिदम) नीट करा. राफ्टला बहुमत लागतं: ३ नोडमध्ये १ पडलेला चालतो, ५ मध्ये २, ४ मध्येही १च, म्हणून विषम संख्या. कॅप प्रमेयाबद्दल (सुसंगती, उपलब्धता, नेटवर्क तुटलं तरी चालणं) ‘तिघांतले कुठलेही दोन निवडा’ असं लिहू नका. नेटवर्क तुटणं तुमच्या हातात नसतं. तुटल्यावर सुसंगती सोडायची की उपलब्धता, एवढंच ठरवायचं असतं.

डॉकर (ॲप ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) शेवटी घ्या. कंटेनरमधला सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर पोर्ट उघडूनही बाहेरून लागणार नाही, ०.०.०.० वर बसवा.