सोनोग्राफी नॉर्मल, मग एवढं दुखतं का?

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, पुण्यात जॉब करते. बारावीपासून पाळीत भयंकर दुखतं, आता तर पाळी यायच्या तीन-चार दिवस आधीच ओटीपोट आणि कंबर धरते, पाळीत संडासला गेलं की अशी कळ येते की घामच फुटतो. आधी गोळीने भागायचं, आता भागत नाही. सोनोग्राफी केली तर रिपोर्ट नॉर्मल. आई म्हणते आम्हालाही दुखायचं, लग्न होऊन एक मूल झालं की थांबतं. मी नेटवर एंडोमेट्रिओसिसबद्दल वाचलं नि घाबरले. मला तेच असेल का?

उत्तर : अगं, तपासल्याशिवाय ‘तेच आहे’ असं कुणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण शंका घ्यावी असं तुझ्या पत्रात बरंच काही आहे, त्यामुळे तो नॉर्मल रिपोर्ट फाइलला लावून गप्प बसू नकोस.

पाळीतलं नेहमीचं दुखणं साधारण पाळीच्या पहिल्या दिवशी किंवा आदल्या रात्री सुरू होतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, गोळीने आराम पडतो. तुझं दुखणं आधीच सुरू होतंय, दरवर्षी वाढतंय, गोळीला दाद देत नाही आणि संडासच्या वेळची कळ तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, म्हणजे अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, आतड्यावर, मूत्राशयावर, आणि हार्मोन्समुळे तिथेही महिन्याच्या महिन्याला सूज येते, कधी आतले अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून कुणाला पाळीतच लघवीला दुखतं, कुणाचं पोट टम्म फुगतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, थकवा तर असा की उठवत नाही. अंगावरून जास्त जायलाच हवं असं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा आजार आहे, तरी निदान व्हायला कित्येक वर्षं जातात, कारण ‘पाळीत दुखायचंच’ हे घरीदारी सगळ्यांना पाठ!

आता सोनोग्राफी. तुझी बहुतेक पोटावरून केली असणार, आपल्याकडे लग्न न झालेल्या मुलींची तशीच करतात. त्यात अंडाशयातली मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसते, पण पोटाच्या आतल्या आवरणावरचे या आजाराचे बारीक डाग दिसत नाहीत, ते एमआरआयमध्येही सुटू शकतात. आतड्याजवळचा आजार बघायला तज्ज्ञ एमआरआय किंवा गुदमार्गातून सोनोग्राफी सुचवतात. लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत बघणं, केल्याशिवाय पुढे जायचंच नाही असंही आता राहिलेलं नाही, युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लक्षणं बघून औषध सुरू करता येतं. हार्मोनच्या गोळ्या म्हटलं की घरचे दचकतील, ‘पुढे मूल होणार नाही’ म्हणतील, तर तसं काही नसतं. गोळ्या बंद केल्या की पाळी आणि बीजनिर्मिती परत सुरू होते.

आणि आईंना सांग, मूल होणं हा यावरचा इलाज नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, नंतर दुखणं परत येऊ शकतं. दुखणं थांबावं म्हणून लग्नाची घाई करणं मला तरी पटत नाही.

डॉक्टरकडे जाताना मोबाइलमध्ये नोंद घेऊन जा, कुठल्या दिवशी, कुठे, किती दुखलं, किती गोळ्या लागल्या, ऑफिस बुडालं का. संडासचं सांगायला लाजू नकोस, त्यांनी विचारलं नाही तर तूच सांग. मात्र अचानक असह्य दुखलं, चक्कर आली किंवा ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठ.

प्रश्न : मिसेसला चॉकलेट सिस्ट निघाली आणि रक्तात सीए-१२५ वाढलेलं आलं. कॅन्सर आहे का हो?

उत्तर : नुसत्या त्या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन, ते अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकतं तसं एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतं, पाळी चालू असताना रक्त दिलं तरी वाढलेलं येऊ शकतं. सिस्ट सोनोग्राफीत कशी दिसते यावर डॉक्टर ठरवतील, तेव्हा दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा, आणि रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं होतं तेही सांगा.