नातीचं गाणं ऐकायला चर्चमध्ये जाताना

वहिनी, नात गाणार म्हणून इंग्लंडला निघालात, तर चार गोष्टी सांगते. मी गेले तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आपण फोंड्याहून ओळखीच्यांच्या लग्नाला इगर्जीत, म्हणजे गोव्यातल्या चर्चमध्ये, जातो, तसं ते नसतं. तिथली 'ईव्हनसाँग' म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) लोकांची, १५४९च्या प्रार्थनापुस्तकापासून चालत आलेली. बरीचशी गाऊनच होते, साधारण ४५ मिनिटं. गाणारी मुलं समोरासमोर दोन बाजूंना बसतात. नात कुठल्या बाजूला ते आधीच विचारा आणि तिच्या समोर जागा धरा. मी नेमकी नातवाच्याच बाजूला, मागे बसले आणि पाऊण तास त्याची मान बघत राहिले! पांढऱ्या झग्याच्या कॉलरवर आलेले त्याचे केस तेवढे पाठ झाले.

टाळ्या मात्र नकोत. आपल्याला जत्रेतल्या नाटकांची सवय, हात आपोआप उठतात. गाणं संपलं की नुसती शांतता, तीच दाद. मोबाईल बंद, फोटो बाहेर आल्यावर. कधी उठायचं, कधी बसायचं, ते पुढच्या बाकावरच्यांकडे बघून करा. येशूच्या आईचं, मारियेचं स्तोत्र, म्हणजे मॅग्निफिकाट, सुरू झालं की उभं राहायचं.

सकाळची प्रार्थना असेल तर बऱ्याचदा भाकर-वाइनसाठी, म्हणजे त्यांच्या प्रसादासाठी, लोक पुढे जातात. तुम्ही खुशाल बसून राहा, कुणी काही म्हणत नाही.

चपला काढायच्या नसतात. शाल मात्र न्या, दगडी इमारतीत गारठा फार. दानपेटीसाठी थोडी सुट्टी नाणीही असू द्या.