तिकिटं काढण्याआधी पासपोर्ट उघड

अरे, स्पेनची तिकिटं काढायच्या आधी ब्रिटिश पासपोर्टचं फोटोचं पान नीट बघ. नुसत्या मुदत संपण्याच्या तारखेवर जाऊ नकोस, पासपोर्ट दिल्याची तारीखही वाच. स्पेनसारख्या शेंगेन देशांत (आपसात सीमा-तपासणी नसलेला युरोपातल्या देशांचा गट) शिरताना पासपोर्टला १० वर्षं पूर्ण झालेली चालत नाहीत. शिवाय तिथून निघायच्या दिवसानंतर निदान ३ महिने मुदत उरलेली लागते. दोन्ही अटी वेगळ्या आहेत. सप्टेंबर २०१८ पर्यंत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने, जास्तीत जास्त ९, नव्यात मिळवून द्यायचे. म्हणून जून २०१६ चा पासपोर्ट मार्च २०२७ पर्यंत चालू दिसतो, पण जून २०२६ उलटला की त्यावर स्पेनला जाता येत नाही. माझ्या वहिनीला ह्याच कारणाने विमानतळावरून परतावं लागलं. मुलं बॅगांचे हँडल धरून उभी होती, ते डोळ्यांपुढून जात नाही.

मुलांचे पासपोर्ट ५ वर्षांचेच असतात, तेही काढून बघ.

आणि दिवाळीला पुण्याला जायचं असेल तर व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) हवंच. ई-व्हिसाच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भर, मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव असेल तर तेसुद्धा.