मूल सज्ञान झाल्यानंतरचे पालकत्व

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज वारंवार आढळतो. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे आईवडील आयुष्यभर आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहतात, असे बहुतेक घरांत धरून चालतात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. आता बँक माझी सही चालवून घेत नाही. (भुसावळ)

१८ वर्षे पूर्ण होताच तो कायद्याने सज्ञान झाला, त्यामुळे बँकेचे म्हणणे बरोबर आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार असे पालक नेमणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. समितीचे प्रमाणपत्र बँकेत चालते.

थोरला मुलगा धाकट्याला सांभाळणारच आहे. मग कागदपत्रे कशाला? (यावल)

थोरल्याच्या मायेबद्दल मला शंका नाही, परंतु ‘आम्ही आहोत तोवर काळजी नाही’ असे म्हणत वर्षे निघून जातात, ही माझी सर्वांत मोठी चिंता आहे. उद्या सातबाऱ्यावर दोघांची नावे लागली, केळीच्या बागेवर कर्ज काढायचे झाले किंवा धाकट्याच्या शस्त्रक्रियेला संमती द्यायची वेळ आली, तर त्याच्या वतीने सही कोणी करायची, हा प्रश्न तलाठी कार्यालयात, बँकेत आणि दवाखान्यात विचारला जाईल, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल. पालक म्हणून थोरल्याचे नाव तुम्ही आजही सुचवू शकता. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला संरक्षण मिळते. मात्र प्रत्येक मुलाला पूर्ण पालकत्व लागतेच असे नाही. पुरेसा आधार देऊनही ज्यांना कायदेशीर निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्वाची, म्हणजे पालकाने त्यांच्याशी विचारविनिमय करून निर्णय घेण्याची सोय आहे. धाकट्याला काय वाटते, हे अर्जापूर्वी त्याला विचारा. मृत्युपत्राबद्दल वकिलांचा सल्ला घ्या.

लग्न लावून दिले की मुलगा सुधारेल, असे सगळे नातेवाईक सांगतात. (चोपडा)

लग्न हा उपचार नव्हे. ज्याला वैध संमती देता येत नाही, त्याचा विवाह न्यायालयात रद्द ठरू शकतो. आणि मुलीकडच्यांना अंधारात ठेवणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे. सौम्य दिव्यांगत्व असलेली काही मुले समजून-उमजून संसार करतात, परंतु आधी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करून घ्या आणि दोन्ही घरांनी एकत्र बसून त्यांच्याशी बोला.

ऑटिझमवर स्टेम सेलचे इंजेक्शन घ्यावे का? एजंट पैसे लगेच भरा म्हणतो. (धुळे)

घेऊ नका. ऑटिझमवरील प्रमाणित उपचार म्हणून त्याला मान्यता नाही, आणि घाई करणाऱ्या दलालाच्या बोलण्यावरून उपचार ठरवायचे नसतात. मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. माझ्या पश्चात मुलीला पेन्शन मिळेल का? (भुसावळ)

ती स्वतः उपजीविका करू शकत नसेल, तर अटींच्या अधीन राहून आजीवन कुटुंब निवृत्तीवेतन मिळू शकते. तिच्या दिव्यांगत्वाची नोंद तुमच्या हयातीतच पेन्शन कार्यालयात करून घ्या.

मुलगी २० वर्षांची आहे, पण एकटी काहीच करत नाही. (शहादा)

तिला कधी एकटीला करू दिले आहे का? पन्नासची नोट देऊन गल्लीतल्या किराणा दुकानातून मीठ आणि काडेपेटी आणायला सांगा, सुरुवातीला थोडे अंतर ठेवून मागे उभे राहा, आणि उरलेले पैसे तिलाच ओट्यावर मांडून मोजू द्या. हे जमू लागले की पुढचा टप्पा विशेष शिक्षकांना विचारून ठरवा.