जुन्या जीपचा मागचा रेशो ओळखताना

विकणारा ‘ओरिजिनल’ म्हणतो म्हणून क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) घेऊ नकोस. रेशो म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे. युद्धकाळातल्या विलीस एमबी जीपचा रेशो ४.८८, म्हणजे क्राउनला ३९ दाते आणि पिनियनला ८. नंतरच्या सीजे-२ए, सीजे-३बी या नागरी जीपना ५.३८, म्हणजे ४३ आणि ८. पण इतक्या वर्षांत अ‍ॅक्सल इकडचे तिकडे झालेत, तेव्हा मोजूनच बघ. गिअर न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर, बाकीच्यांना दगड. हँडब्रेक सोड, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे बसतो, ओढलेला असेल तर तिथून अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हलणारच नाही. चाकाचे पुरते दोन फेरे फिरव (दुसरं चाक थांबलेलं, म्हणून क्राउनचा एकच फेरा होतो) आणि प्रोपेलर शाफ्टचे मोज: पाचाला जरा कमी, की पाचाच्या बरेच वर? पुढचा अ‍ॅक्सलही असाच तपास. दोन्हींचे रेशो वेगळे निघाले तर फोर-व्हील टाकून डांबरावर नेऊ नकोस, ट्रान्सफर केस रडेल. आणि क्राउन-पिनियनची जोडी एकाच सेटची घे.