पिल्लू बारीक दिसतंय म्हणून घाबरू नकोस

अगं, दोन महिन्यांच्या पॉमेरेनियनच्या बरगड्या हाताला लागणारच. लांबून एकेक मोजता आली, तर मात्र खाणं कमी पडतंय. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून वजन कर आणि कॅलेंडरवर लिही. आमचं तर पातेल्यातच झोपायचं! आकडा हळूहळू चढला की बास.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं घाल. एवढ्याशा पिल्लाची रक्तातली साखर उपाशीपोटी झटकन उतरते, त्यात आपल्या बेळगावचा पावसाळी गारठा. लटपटलं, मलूल झालं तर हिरड्यांना मध चोळ आणि लगेच डॉक्टर गाठ.

नुसत्या दूधभातावर अंग धरत नाही. पिल्लांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून दे. पोट टम्म आणि वजन तिथंच? जंत असणार. 12 आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी औषध लागतं, मात्रा वजनावर ठरते.

आणि पाहुण्यांना आवर. शहापूरच्या मावशीनं प्रेमानं कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, भरवला, रात्रभर जुलाब मी निस्तरले. मनुका, कांदा, चॉकलेट तर विषच. लहान जातींची वाढ साधारण 8 ते 12 महिन्यांत पुरी होते. शेजारच्या लॅब्रॅडॉरशी तुलना कशाला?