डिझेलची वही

बाळा, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. "काका, सस्टेनेबिलिटीची नोकरी म्हणजे झाडं लावायची का?" असं विचारलंस. झाडासोबत फोटो काढणारे आमच्यात आहेतच, पण माझे दिवस जातात बिलं चाळण्यात. विजेचं बिल, पाण्याचं बिल, सिमेंटची चलनं अन् डिझेलची वही.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानं बाजारमूल्यात वरच्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण अन् समाजाबाबतच्या जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. तिथून या नोकऱ्या वाढल्या. कार्बनचा हिशेब तीन भागांत करतात: कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन स्कोप 1, विकत घेतलेली वीज स्कोप 2, अन् पुरवठादारापासून गिऱ्हाइकापर्यंतचं बाकी सगळं स्कोप 3. कापडाच्या कंपनीचा स्कोप 3 तुझ्या बाबांच्या कापसाच्या वावरातल्या युरियापर्यंत येतो. मुंबईच्या मीटिंगमध्ये हे समजावताना माझा अर्धा तास जातो; तू पऱ्हाटीत वाढलास, तुला एका वाक्यात कळेल.

माझी एक फजिती ऐक. पहिल्याच वर्षी एका कारखान्याच्या जनरेटरचा डिझेलचा आकडा मी ई-मेलवर मागवला अन् तसाच अहवालात टाकला. ऑडिटरनं मूळ वही मागितली. महिनाभराच्या नोंदी एकाच निळ्या पेनानं, एका बैठकीत लिहिलेल्या. रोज बरोबर 40 लिटर. रविवारीसुद्धा! रविवारी तर कारखाना बंद. लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे माझं पुढचं सगळं गणित हवेत. ऑपरेटरला बोल लावण्यात अर्थ नव्हता, टाकीत बुडवायची पट्टीसुद्धा त्याला कोणी दिली नव्हती. मी तिथं जायला हवं होतं. तेव्हापासून मीटरपाशी उभं राहिल्याशिवाय मी आकडा घेत नाही.

इमारतींचं काम तुला जास्त आवडेल असं वाटतं. चंद्रपूरकडे गेलास तर सिमेंटचा कारखाना बघ. तिथं चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच सुटतो, त्यामुळे नुसता कोळसा बदलून भागत नाही. म्हणून औष्णिक वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये मिसळतात, म्हणजे भाजलेली चुनखडी कमी लागते. अशा राखमिश्रित सिमेंटच्या, म्हणजे पीपीसीच्या पोत्यात ती 35 टक्क्यांपर्यंत चालते. सेवाग्रामची बापू कुटीही एकदा भर दुपारी बघून ये. माती, बांबू, कवेलू. 1936 च्या सुमाराची. तिथं पाच मिनिटं नुसता बस.

महागड्या कोर्सला लाखभर रुपये घालू नको. एक्सेल पक्कं कर, आयजीबीसी अन् गृहा या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या पद्धतींच्या नियमावल्या वाच. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेच्या, ऊर्जा लेखापरीक्षकाच्या परीक्षेला पदवी अन् अनुभव दोन्ही लागतं, तिचं नंतर बघू. इंग्रजीची भीती सोड, आकडा खरा असला की तोडकंमोडकं चालून जातं.

अभ्यास घरीच सुरू कर. तुमच्याकडे तीन छतं आहेत: आजीची कवेलूची खोली, टिनाची सपरी अन् घरकुलाचा स्लॅब. मेमध्ये पंधरा दिवस, दुपारी तीनला अन् रात्री दहाला, तिन्हीखालचं तापमान वहीत लिही. टिन तापतं लवकर अन् निवतंही लवकर. स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् रात्री ते तुमच्या अंगावर सोडतो. आठव्या दिवशी स्लॅबवर चुना मार, मग पुढचे आकडे बघ. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केलेल्या 2018 च्या इको निवास संहितेत छताभिंतीतून येणाऱ्या उष्णतेचाच हिशेब आहे. कूलर कधी लावला तेही लिही. मेमध्ये जो कूलर गारेगार करतो, तोच जुलैत अंग का चिकट करतो, याचं उत्तर तुझ्या शब्दांत हवंय मला.

तीन थर्मामीटर एसटीच्या पार्सलनं पाठवतोय, पुलगाव स्टँडवरून आण. आजीच्या खोलीतला चुलीपासून लांब टांग.

तुझा,
काका